वाचक विचारतात : एसटीने भीमाशंकरच्या रानात

स्वतःची गाडी न नेता भीमाशंकरच्या जंगलात कसं हिंडावं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. दर्शनाची रांग, पूजा, भक्तनिवास हे विषय बाजूला ठेवले आहेत.

पुण्याहून सकाळी एसटीने निघून रात्री परत येता येईल का? प्रत्यक्ष चालायला किती वेळ मिळतो?
— वाचक, चिंचवड

येता येईल, पण पहाटेची गाडी पकडलीत तरच. शिवाजीनगरच्या गाड्या वाकडेवाडीच्या स्थानकातून सुटतात. तिथून भीमाशंकर साधारण १२० किलोमीटर. एसटीला चार तास धरा. गाडी राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव करत डिंभे धरणाच्या बाजूने वर चढते. काही गाड्या राजगुरुनगरहून वाड्याच्या रस्त्याने जातात. दोन्ही रस्ते तळेघरला एकत्र येतात, त्यामुळे कुठलीही मिळाली तरी बसा. तुम्ही चिंचवडचे, म्हणजे नाशिक फाट्याला किंवा भोसरीला हात दाखवून चढता येईल, पण रविवारी बसायला जागा मिळेल या भरवशावर राहू नका. महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि पंचाहत्तरीपुढे प्रवास मोफत. वयाचा पुरावा सोबत असू द्या.

दिवस आखायचा तो परतीच्या गाडीपासून उलटा. उतरल्या उतरल्या नियंत्रकाला किंवा तुमच्याच वाहकाला विचारा, पुण्याची शेवटची थेट गाडी किती वाजता? वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, म्हणून छापील किंवा मोबाइलवरच्या वेळेपेक्षा हे उत्तर खरं माना. त्या वेळेतून एक तास वजा करा, कारण स्थानकावर गर्दी असते आणि मंदिराकडून वर यायला दोनशेहून जास्त पायऱ्या चढाव्या लागतात. साडेनऊला पोचलात आणि गाडी साडेचारची असेल, तर हातात सहा तास उरतात. खाणं-पिणं वगळता चालायला चार-साडेचार. थांबत, बघत चालणाऱ्याचा जंगलातला वेग तासाला दोन किलोमीटरच्या वर जात नाही. तेव्हा गुप्त भीमाशंकरची रानवाट आणि नागफणीचं टोक, एवढंच ठरवा. आहुपे गाव आणि तिथले कडे त्याच दिवशी जोडू नका. तो वेगळ्या दिवसाचा मामला आहे.

गडबड होते ती परतताना. गाडी भरून निघते, नाहीतर पावसात घाटात दरड आल्यामुळे येतच नाही. अशा वेळी पुण्याच्या थेट गाडीची वाट बघत अंधार करू नका. घोडेगाव किंवा मंचरकडे जाणारी जी एसटी, जी जीप मिळेल ती घ्या. एकदा मंचर गाठलं की तुम्ही नाशिक हमरस्त्यावर आहात आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना तिथे तोटा नाही. जीपवाला सुटे पैसे मागतो. वर नेटवर्क धड नसल्याने मोबाइलवरून पैसे देणं तिथे बऱ्याचदा अडतं.

श्रावणातले शनिवार, रविवार, सोमवार आणि महाशिवरात्र टाळा. त्या दिवसांत खाजगी गाड्या मंदिराच्या बऱ्याच अलीकडे वाहनतळावर थांबवून पुढे एसटीच्या छोट्या बस सोडतात, आणि तुमचे चार तास रांगेतच जातात.

दोनदा जाऊन आलो, शेकरू काही दिसलं नाही. खरंच आहेत का? आणि या जंगलाला जुनं म्हणतात ते कशावरून?
— वाचक, नाशिक

आहेत. शेकरू म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार. त्यांच्याचसाठी १९८५ साली हे अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. न दिसण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. लोक दुपारी बारा ते तीन या वेळात जातात, तेव्हा शेकरू फांदीवर आडवं पडून असतं. दुसरं म्हणजे चालता चालता शोधतात.

आधी घरटं शोधा. मंदिरामागून ओढ्याच्या कडेने साक्षी विनायकाकडे आणि पुढे गुप्त भीमाशंकरकडे जाणारी दीड-दोन किलोमीटरची वाट यासाठी चांगली. दुकानांची रांग संपली की मान वर करा. उंच झाडाच्या बेचक्यात, शेंड्याजवळ, काटक्या आणि पानांचा फुटबॉलपेक्षा मोठा गोळा दिसतो. एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात, त्यामुळे प्रत्येक घरट्यात कुणी असेल असं नाही. पानं हिरवी असतील तर ते वापरातलं, सगळी वाळून तपकिरी झाली असतील तर पुढे चला. हिरवं घरटं सापडलं की त्याच्या थेट खाली न थांबता पंधरा-वीस पावलं बाजूला, बुंध्याला टेकून पंधरा मिनिटं गप्प उभं राहा. वरून कुरतडलेली फळं, सालीचे तुकडे पडू लागतात, किंवा खुळखुळा हलवल्यासारखी मोठी कर्कश साद येते. मग आवाजाच्या दिशेने लोंबणारी शेपटी शोधायची, अंग पानांत लपलेलं असतं. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत प्राणी जवळजवळ मीटरभराचा, तांबूस-तपकिरी, पोटाकडे फिका. सकाळी नऊ-दहापर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर, या त्याच्या वेळा. बिस्किटं टाकणाऱ्यांकडे शेकरू येत नाही, माकडं येतात, आणि ती मग पिशवी घेऊनच जातात.

जुनेपण कशात, हेही याच वाटेवर कळतं. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उडी मारतच फिरतं. म्हणजे वरचं फांद्यापानांचं छत्र सलग हवं. तसं छत्र एखाद्या लागवडीने वीस वर्षांत उभं राहत नाही. इथे देवाच्या नावाने राखलेल्या रानात ते टिकलं. अंजनी, हिरडा, जांभूळ, आंबा, पिसा ही इथली नेहमीची झाडं. अंजनी ओळखायला सोपी. पानं जाड, चामड्यासारखी, समोरासमोर. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जाड फांद्यांनाच चिकटून निळ्या फुलांचे झुबके येतात. लाकूड इतकं कठीण की कुऱ्हाड बोथट व्हावी. गारंबीची वेल दिसली तर तिचा बुडखा शोधून बघा. मांडीएवढं जाड खोड पीळ घेत कुठल्या कुठे गेलेलं असतं. रस्ता रुंद करायला चार झाडं तोडली की छत्राला भोक पडतं आणि शेकरूचा रस्ता तुटतो. झाडांची संख्या मोजून हे नुकसान कळत नाही.

हिरड्याखाली कोवळी फळं पडलेली दिसली तर उचलू नका. बाळहिरडा गोळा करून विकणं हे इथल्या महादेव कोळी कुटुंबांचं उन्हाळ्यातलं उत्पन्न आहे.

जुलैमध्ये पायथ्याच्या खांडस गावाहून शिडी घाटाने चढायचं आहे. बरोबर बारा वर्षांचा मुलगा आहे. चालेल ना?
— वाचक, डोंबिवली

नाही. गेली काही वर्षं पावसाळ्यात वन्यजीव विभाग शिडी घाटासह काही वाटा आणि धबधबे आदेश काढून बंद करतो. कोंढवळचा धबधबाही त्यात असतो. आदेश नसला तरी उत्तर तेच. शिड्यांपेक्षा त्यांच्या आजूबाजूचा ओला, शेवाळलेला कातळ घातक आहे आणि तिथेच मुलांचे पाय आखूड पडतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत गणेश घाटाने जा. कर्जत स्थानकाबाहेरून कशेळेमार्गे खांडसची एसटी मिळते, नसेल तर कशेळ्यापर्यंत एसटी आणि पुढे टमटम. गावापुढच्या पुलाजवळ वाटा फुटतात. उजवीकडची गणेश घाटाची, डावीकडची शिडीची. दोन्ही पदरवाडीच्या पठारावर मिळतात आणि शेवटचा खडा चढ दाट झाडीतून आहे. एकूण चढाई जवळपास ९०० मीटर. मुलाबरोबर सहा तास धरा, माणशी तीन लिटर पाणी, आणि सातच्या आत चालायला सुरुवात. वाटेत कारवीच्या झुडपांच्या काठ्यांना धरून चढू नका. वाळलेली कारवी कडकन मोडते. वरून परत खाली उतरण्याचा हट्ट नको. थकलेल्या गुडघ्यांना उतारच जास्त त्रास देतो. सरळ पुण्याची एसटी धरा आणि पुण्याहून रेल्वेने या.

पावसात इथलं लाकूड रात्री चमकतं म्हणतात. कुठे बघता येईल?
— वाचक, कोल्हापूर

चमकते ती कुजक्या लाकडावरची बुरशी. लाकूड कुजवताना तिच्या पेशींत होणाऱ्या रासायनिक क्रियेतून थंड, हिरवट प्रकाश निघतो. त्यासाठी सलग पाऊस, भिजलेलं लाकूड आणि काळोख तिन्ही लागतं, म्हणून चांदण्या रात्री फार काही हाती लागत नाही. विजेरी बंद करून वीस मिनिटं थांबल्याशिवाय डोळ्यांना ती दिसत नाही. फोटोत भडक हिरवी दिसते, नुसत्या डोळ्यांना फिकट पांढुरकी; अपेक्षा तेवढीच ठेवा. मात्र अंधार पडल्यावर अभयारण्यात आपल्या मनाने शिरायला बंदी आहे. वनविभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या असेल तरच जा.

झुडपांत हिरवा साप असतो असं ऐकलं. काय काळजी घ्यावी?
— वाचक, संगमनेर

तो चापडा, विषारी साप. पावसाळ्यात हाताच्या उंचीवरच्या फांदीला वेटोळं घालून निश्चल बसतो, म्हणून न बघता फांदी धरू नका. चावल्यास जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यातलं काही करू नका. अंगठ्या, घड्याळ काढा, हात हलणार नाही असा झोळीत ठेवा आणि घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. मोठं रुग्णालय मंचरला. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते, चापड्यासाठी नाही. म्हणून सापाचा रंग आणि डोक्याचा आकार डॉक्टरांना नक्की सांगा. त्याला मारून बरोबर नेण्याची गरज नाही, लांबून काढलेला फोटो पुरतो.