दिवाळीचं कार्ड ग्राहकाला पाठवताना

प्रश्न : आमचा चाकणला यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. यंदा दीडशे ग्राहकांना छापील दिवाळी कार्डं टपालाने पाठवायची आहेत. काय काळजी घ्यावी?

उत्तर : दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत जेमतेम वीस दिवस मिळतात. त्यामुळे कार्डं दसऱ्यालाच छापून हातात हवीत आणि वसुबारसेच्या आठ-दहा दिवस आधी टपालात पडायला हवीत. उशीर झालाच, तर ती पाठवूच नका. १ जानेवारीसाठी वेगळं कार्ड काढा. भाऊबीजेनंतर पोचलेल्या कार्डातून ग्राहकाला एवढंच कळतं की त्याचं नाव यादीत तळाशी होतं.

दीडशे प्रतींसाठी ऑफसेट परवडत नाही, डिजिटल छपाई घ्या. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) कागद घडी घालण्याआधी क्रीझ करून, म्हणजे घडीच्या रेषेवर खाच दाबून, घ्यायला सांगा, नाहीतर घडीवर रंगाचे पापुद्रे सुटतात. लॅमिनेशन फक्त बाहेरून. आतूनही केलं, तर त्या गुळगुळीत थरावर जेल पेनची सही पुसटते.

वजनाकडे फारसं कोणी पाहत नाही. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. घडी घातल्यावर ५ बाय ७ इंच होणारं ३०० जीएसएमचं कार्ड साडेतेरा ग्रॅम भरतं, जाडसर पाकीट सहाच्या आसपास. त्यात कॅलेंडरचं कार्ड सरकवलं की २० ओलांडलेच. तिकीट कमी पडलं तर तुटीच्या दुप्पट रक्कम पोस्टमन घेणाऱ्याकडून वसूल करतो, म्हणजे तुमच्या शुभेच्छांचा दंड ग्राहक भरणार! एक भरलेलं पाकीट पोस्टात आधी तोलून घ्या.

चित्र पणती, आकाशकंदील किंवा रांगोळीचं असू द्या. लक्ष्मी-गणपतीचं कार्ड कचऱ्यात टाकायला मन धजत नाही आणि ते सगळ्याच धर्मांच्या ग्राहकांना साजेसं नसतं. यादीतली नावं, हुद्दे फोन करून तपासा. नोकरी सोडून गेलेल्या खरेदी अधिकाऱ्याच्या नावाचं कार्ड नव्या माणसाच्या टेबलावर पडणं फार वाईट. महिला ग्राहकांना 'सौ.' लिहू नका, पूर्ण नाव आणि हुद्दा पुरे. सही मालकाची, शाईची, आणि सहीच्या वरच्या जागेत त्या ग्राहकापुरती एखादी ओळ हाताने लिहा. दरपत्रक किंवा थकबाकीची आठवण त्याच पाकिटात घालू नका. ती घातली की कार्डाचं काम संपलं.

प्रश्न : एका ग्राहकाचे वडील श्रावणात वारले. कार्ड पाठवावं का?

उत्तर : नको. पहिल्या वर्षी अनेक घरांत सण करत नाहीत. दिव्यांचं कार्ड खुपेल. साध्या लेटरहेडवर चार ओळींचं पत्र, तेही सणाचा उल्लेख टाळून, दिवाळीच्या आधीच पाठवा. यादीतून नाव मात्र याच वर्षापुरतं काढा.

प्रश्न : सरकारी खात्यातल्या अभियंत्यांना कार्डाबरोबर काजूकतलीचा डबा द्यावा का?

उत्तर : फक्त कार्ड, तेही कार्यालयाच्या पत्त्यावर. केंद्राच्या १९६४च्या आणि महाराष्ट्राच्या १९७९च्या वर्तणूक नियमांत भेटवस्तूंवर बंधनं आहेत. तुमचं बिल ज्यांच्या टेबलावर आहे, त्यांना डबा परत पाठवण्याची वेळ आणू नये. खासगी कंपन्यांतही अनेक ठिकाणी भेटींचे नियम असतात, आधी विचारा. डबे वाटलेच, तर भेट म्हणून दिलेल्या मालावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)नुसार मिळत नाही, हे हिशेबनीसांना सांगून ठेवा.