"लग्नाआधी एवढा पंप सोडवून द्या"

मिरजेत एका छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत मी समुपदेशन करते. औषध डॉक्टर लिहून देतात, पण घरी गेल्यावर ते घेतलं जातं का आणि नसेल तर नेमकं कुठे अडतं हे बघायचं काम माझं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.)

दिवाळीनंतर एक ताई आपल्या २३ वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला दमा, आणि त्यासाठी पंप, म्हणजे तोंडाने ओढायचा औषधाचा फवारा (इनहेलर), चालू. बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, हिला स्थळं बघतोय, लग्नाआधी एवढा पंप सोडवून द्या, सवय लागली तर सुटत नाही म्हणतात, त्यापेक्षा गोळी द्या." मुलगी मान खाली घालून पर्सच्या चेनशी चाळा करत होती. हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता मी लगेच उत्तर देतच नाही, आधी ऐकते.

ताईंना केसपेपर आणायला पाठवलं आणि मुलीला विचारलं, पंप दिवसातून किती वेळा लागतो? तिने मेकअपच्या पाउचमधून निळा पंप काढला. रोज चार-पाच वेळा, तोही बाथरूममध्ये नळ सोडून, म्हणजे फवाऱ्याचा आवाज आजीला जायला नको. पहाटे तीनला दम लागून उठते. आणि रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा दुसरा पंप तीन महिन्यांपासून बंद, कारण त्यात स्टेरॉइड आहे, मावशीचा चेहरा स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सुजला होता, आणि बघण्याच्या कार्यक्रमात तसं काही दिसलं तर? तिला विचारूनच मग हे सगळं आईसमोर काढलं.

ताईंच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, घट्ट बसलेल्या. मी म्हटलं, सकाळी हात सुजलेला असतो तेव्हा बांगडी निघते का? म्हणाल्या, नाही, साबण लावावा लागतो. म्हटलं बघा, साबणाने त्या वेळेपुरती बांगडी सरकते पण हाताची सूज तशीच राहते ना, निळ्या पंपाचं तसंच आहे. दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात, चिकट कफ असतो आणि भोवतीचे स्नायू आवळतात, निळ्या पंपातलं औषध, सालब्युटामॉल, ते स्नायू सैल करतं, पाचेक मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तास टिकतं, पण सुजेला ते हातच लावत नाही. सूज उतरवतो तो दुसरा, स्टेरॉइडचा पंप, आणि त्याचा गुण यायला दिवस काय, आठवडेसुद्धा लागतात, त्यामुळे घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही आणि लोक हाच पंप आधी सोडतात! मग सूज वाढते, निळा जास्त लागतो आणि घरचे म्हणतात, बघा, सवय लागली. अहो सवय नाही ती, आजार वाढलाय. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांमध्येही नुसत्या निळ्या पंपावर राहू नका असंच सांगितलंय.

गोळीचं म्हणाल तर डोळे आले की आपण डोळ्यात थेंब टाकतो, तसं औषध थेट छातीत जातं पंपाने. सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम, आणि पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून मग छातीत पोचते, त्यात हात थरथरतात, छाती धडधडते. मावशींच्या स्टेरॉइडच्या गोळ्याही अशाच, अटॅक आला की रोज ३०-४० मिलिग्रॅम देतात, आणि दुसऱ्या पंपातलं स्टेरॉइड, बुडेसोनाइड, एका फवाऱ्याला २०० मायक्रोग्रॅम. दोन्हींची ताकद वेगळी त्यामुळे सरळ भागाकार करू नका, पण चेहरा सुजतो तो जास्त दिवस घेतलेल्या गोळ्यांनी, नेहमीच्या डोसच्या पंपाने नाही. पंपाने आवाज बसू शकतो, तोंडात पांढरं येऊ शकतं, म्हणून घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं.

मग म्हटलं, घेऊन दाखव. तिने पंप दाबला आणि अर्धं औषध पांढऱ्या धुरासारखं तोंडातून बाहेर! चार-पाच वेळा का लागत होता त्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून शिकवलं, पंप हलव, श्वास पूर्ण सोड, ओठ घट्ट मिट, एकदा दाब, हळू खोल आत घे, दहा आकडे थांब. तिसऱ्या वेळी नीट जमलं.

जायला उठल्या आणि ताईंनी हळूच विचारलं, "उद्या दिवस राहिले तर? बाळाला काही..." खरी भीती ही होती, तीन महिने पोटात धरलेली. मी त्यांना परत बसवलं. सांगितलं की बुडेसोनाइड गरोदरपणातही चालू ठेवतात, बाळाला खरा धोका आईचा दमा आटोक्यात नसण्याचा, ऑक्सिजन कमी पडण्याचा. स्वतःहून बंद करायचं नाही, दिवस राहिले की डॉक्टरांना सांगायचं.

डॉक्टरांनी नंतर बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप दिला, फॉर्मोटेरॉल सालब्युटामॉलसारखंच स्नायू सैल करतं, लवकरही लागू होतं आणि बारा तास टिकतं, त्यामुळे रोजचा आणि अडीअडचणीचा पंप एकच. आणि दोघींनाही बजावलं, बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळे पडत असतील, पंप घेऊनही उतार पडत नसेल तर पंप घेत घेतच सरळ हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

सहा आठवड्यांनी मुलगी एकटीच आली. रात्रीची उठत नाही म्हणाली, जादाचा फवारा आठवड्यातून एखादाच. एका स्थळाला त्यांनी दम्याचं आधीच सांगितलं, त्यांच्याकडून अजून उत्तर नाही. मी विचारलं, पंप कुठे घेतेस आता? म्हणाली, बाथरूममध्येच, पण नळ बंद असतो. पुढच्या वेळी आजींना घेऊन ये म्हटलंय, स्पेसर मी त्यांच्याच हातात देणार आहे.