शेरा लिहिणारीला एकटं पाडू नका

ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

महापालिका कर्मचारी संघटनेच्या कार्यकारिणीत लेखा विभागाची जागा तुला मिळाली. पहिल्याच बैठकीत कोणीतरी संपाची भाषा काढेल, तिच्यात वाहून जाऊ नकोस. 14 ते 20 मार्च 2023 चा संप जुन्या पेन्शनसाठी होता. ती मागणी शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांची होती. लेखा विभागाचं दुखणं निराळं. कंत्राटदाराच्या कामाचं मोजमाप अभियंता घेतो, मंजुरी वरून येते, आणि लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की 'देयक (बिल) पारित कोणी केलं?' म्हणून बोट लिपिकाकडे. हे संपाने सुटत नाही, कागदाने सुटतं.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 मधला नियम 3 पाठ कर. वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी घ्यायचा, तोंडी असेल तर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवायची, असं तो सांगतो. तुमच्या महापालिकेच्या सेवा विनियमांत तो कसा लागू केलाय, ते आधी काढून ठेव. मग 'देयक आज सोडून द्या' असा तोंडी निरोप आला की त्याच दिवशी टिपणीवर लिहायचं: अमुक तारखेच्या तोंडी सूचनेनुसार सादर, लेखी पुष्टी व्हावी.

शेरा कसा लिहायचा यातच बहुतेक जण चुकतात. 'तपासून पहावे' हा शेरा नव्हे. चौकशी अधिकारी म्हणेल, शंका होती तर देयक पुढे का पाठवलं? त्रुटी पानासकट लिही: मोजमाप पुस्तकाच्या अमुक पानावर तपासणीची सही नाही, लेखाशीर्षात (अंदाजपत्रकातल्या त्या खर्चाच्या सदरात) शिल्लक तरतूद एवढी, देयक एवढं. शेरा नस्तीच्या (फाइलीच्या) पानावरच हवा. चिकटवलेली पिवळी चिठ्ठी नेमकी नको तेव्हा गळून पडते.

पण एकटीने असं लिहिलं तर आठ दिवसांत टेबल बदलतं. संघटनेचं खरं काम इथे आहे. एका पानाची तपासणी सूची करा: प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, तरतूद, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातल्या सह्या, कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर 2 टक्के जीएसटी टीडीएस (देयकातून आधीच कापायचा कर), बांधकाम असेल तर 1 टक्का कामगार उपकर. ती मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या सहीने परिपत्रक म्हणून निघावी, एवढी एकच मागणी लावून धरा. मग देयक अडलं तर ते परिपत्रकाने अडलं. कोणाचा हट्ट म्हणून नाही. सगळ्या टेबलांवर एकाच तारखेपासून, एकाच शब्दांत. आणि हे सप्टेंबरात करा. पाचपाखाडीचं ठाणे महापालिका मुख्यालय असो की बेलापूरचं नवी मुंबईचं, 25 मार्चनंतर परिपत्रक वाचायला कोणाला वेळ नसतो.

डोंगलचा, म्हणजे डिजिटल सही ज्यात असते त्या पेन ड्राइव्हसारख्या उपकरणाचा, ठराव वेगळा घ्या. साहेबांची डिजिटल सही लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये राहते, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे. सोय म्हणून सुरू होतं, आणि गैरव्यवहार निघाला की तो डोंगल वापरणारीच्या गळ्यात पडतो. हे प्रशासनाला सांगण्याआधी आपल्या सभासदांना सांगावं लागेल, आणि ते जास्त कठीण आहे.

कोणी निलंबित झालं तर पहिले तीन महिने निर्वाह भत्ता अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका, वर महागाई भत्ता. घोडबंदरच्या फ्लॅटचा हप्ता त्यात बसत नाही, म्हणून वर्गणीतून वेगळा निधी आजच बाजूला काढा. अजय कुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितलं की दोषारोपपत्र दिलं नसेल तर निलंबन तीन महिन्यांपलीकडे ताणू नये. म्हणून निलंबनाच्या 80 व्या दिवशी संघटनेचं पत्र आवक क्रमांकासह पोचलेलं असावं. कारणे दाखवा नोटिशीला घाईत 'चूक झाली, क्षमा असावी' असं लिहून देऊ देऊ नकोस. आधी कागदपत्रांची यादी मागायची.

ज्याने खरंच पैसे खाल्ले त्याच्यासाठी मात्र घोषणा देऊ नका. त्याला नियमाप्रमाणे चौकशी आणि बचाव सहायक (चौकशीत त्याची बाजू मांडणारा सहकारी) मिळेल एवढं पाहा, पुढे नाही. एकदा त्याच्या बाजूने मोर्चा निघाला की प्रामाणिक शेरा लिहिणारीचं पत्रही कोणी उघडत नाही.

कंत्राटी डेटा ऑपरेटरनाही सभासद करून घ्या. संगणकावर नोंद त्यांच्या लॉगिनने होते, म्हणजे आक्षेपात पहिलं नाव त्यांचंच येईल, आणि त्यांच्यामागे आज कोणीच नाही.

तपासणी सूचीचा कच्चा मसुदा झाला की पाठव. पेन्सिलीने खुणा करून परत देईन.

तुझा,
एक निवृत्त लेखाधिकारी