अर्ज पाठवण्यापूर्वी

सोलापूर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज, दोन्ही वाचले. श्रीमंत देशांत लाख लोकांमागे साठहून अधिक मानसिक आरोग्य कर्मचारी आहेत आणि गरीब देशांत दोनही नाहीत, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालातला आकडा तू योग्यच दिला आहेस. मात्र कर्मचारी वाढले की प्रश्न मिटेल, हा तुझा निष्कर्ष मला पटत नाही.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक तेलुगूभाषक विडी कामगार बाई वर्षभर ‘तलनोप्पी’ म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या घेत होत्या. झोप उडाली आहे, दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या हातांनी पाचशेही होत नाहीत, हे कोणीतरी तेलुगूत विचारले तेव्हा बाहेर आले. नैराश्याचे निदान झाले, औषध फुकट मिळाले, तरी तिसऱ्या खेपेला त्या आल्याच नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर सुपात कापलेली तेंदूची पाने होती आणि शेजारी गोळ्यांची अर्धी पट्टी. रुग्णालयाच्या रांगेत सकाळ गेली की त्या दिवसाची मजुरी बुडते, एवढेच त्या म्हणाल्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. त्यांत अशा किती बुडालेल्या मजुऱ्या असतील, याचा विचार कर.

झिम्बाब्वेतील हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन, मनाने खचलेल्यांशी बोलण्यासाठी दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसवले. तिथले लोक आपल्या दुखण्याला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अति विचार करणे, म्हणतात आणि आज्या तोच शब्द वापरतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीचा गुण स्पष्ट दिसला. हे काम जरूर शीक. पण त्याच्या आधारे गरिबांना आजी आणि श्रीमंतांना डॉक्टर अशी वाटणी कोणी करू लागले, तर ती मान्य करू नकोस. भ्रम किंवा आत्महत्येचे विचार असलेल्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञच लागतो, आणि शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. आपल्या आशाताईंवर तर आधीच कामांचा डोंगर आहे. त्यांच्या माथी हेही मारायचे असेल, तर त्याचा मोबदला आधी ठरला पाहिजे.

परदेशी अवश्य जा. त्याआधी तेलुगू बोलण्याइतपत शीक. गुरुवारी संध्याकाळी, विड्या देऊन परतल्यावर, त्या बाई आपल्याला भेटणार आहेत. तू सोबत असलीस तर चालेल का, हे मी त्यांना विचारले आहे आणि त्यांनी होकार दिला आहे.

तुझी,
बाई