फाइल परत हवी आहे की विंडोज, ते आधी ठरवा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आहे, १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क हाताशी आहे, आणि ‘बॅकअप’ म्हणून शोधलं की विंडोज बॅकअप, फाइल हिस्टरी, ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’, सिस्टिम रिस्टोर आणि वनड्राइव्ह अशी रांगच समोर येते. यातलं काय चालू करायचं, आणि एक चालू केलं तर बाकीची लागतात का?

एकाने भागत नाही, आणि सगळीही लागत नाहीत. या सोयी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अपघातांसाठी आल्या आहेत. सिस्टिम रिस्टोर २००० सालच्या विंडोज एमईपासून आहे. फाइल हिस्टरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर आली, आणि विंडोज बॅकअप हे ॲप २०२३ चं. नवं आलं तरी जुनं घरातच राहिलं, म्हणून विंडोज ११ मध्ये आजही कंसात ‘विंडोज ७’ लिहिलेलं पान सापडतं. त्यामुळे सोयींच्या नावांवरून उत्तर शोधू नका, अपघातावरून शोधा. फाइल चुकून डिलीट झाली, डिस्कच गेली, विंडोज सुरू होईना, लॅपटॉप चोरीला गेला, रॅन्समवेअरने (खंडणीसाठी फाइल्स अडकवणाऱ्या व्हायरसने) सगळं कुलूपबंद केलं. या पाचांपैकी प्रत्येकाला कोण उत्तर देतं, ते पाहू.

सिस्टिम रिस्टोर आधी बाजूला काढतो, कारण सर्वात मोठा गैरसमज त्याच्याबद्दलच आहे. एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्रॅम टाकल्यावर विंडोज बिनसलं, तर सिस्टिमच्या फाइल्स, रजिस्ट्री (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जची नोंद) आणि ड्रायव्हर आधीच्या तारखेला नेऊन ठेवणं एवढंच त्याचं काम. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम त्यात निघून जातात. तुमचे फोटो आणि कागदपत्रं यांना ते हात लावत नाही, म्हणजेच डिलीट झालेला फोटो परतही आणत नाही. शिवाय रिस्टोर पॉइंट त्याच डिस्कवर असतात, त्यामुळे डिस्क गेली की तेही गेले. चालू आहे का तेवढं बघा (अनेक मशीनवर ते बंदच असतं), मोठं काही इन्स्टॉल करण्याआधी एक पॉइंट करा. बॅकअपच्या हिशेबात मात्र त्याला धरू नका.

आता विंडोज बॅकअप. नाव भारदस्त आहे, पण आत बघितलं तर मुख्य काम वनड्राइव्हच करतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे ठरावीक फोल्डर वनड्राइव्हवर जातात. त्यासोबत सेटिंग्ज, वायफायचे पासवर्ड आणि ॲप्सची यादी तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपली जाते. यादी म्हणजे खरोखर फक्त यादी. नव्या लॅपटॉपवर त्या खात्याने लॉगिन केलं की स्टोअरमधून घेतलेली ॲप्स परत उतरवता येतात; बाकीचे प्रोग्रॅम तुम्हालाच पुन्हा टाकावे लागतात. त्यांचे इन्स्टॉलर आणि लायसन्स की कुठे आहेत, ते आजच एका जागी लिहून ठेवा. वनड्राइव्हवर फुकट जागा ५ जीबी मिळते. फोनवरून उतरवलेले काही व्हिडिओ पिक्चर्समध्ये असले तर ती तेवढ्यातच संपते, आणि मग जागा विकत घेण्याच्या सूचना सुरू होतात.

जागेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे वनड्राइव्ह मुळात सिंक करतं. लॅपटॉपवरचा बदल क्लाउडवर, क्लाउडवरचा लॅपटॉपवर. तुम्ही इथे फाइल डिलीट केली की तिथूनही ती जाते. वैयक्तिक खात्यात ती वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस थांबते आणि मग कायमची जाते. जुन्या आवृत्त्याही काही मर्यादेपर्यंत मिळतात, त्यामुळे कालची चूक आज लक्षात आली तर वनड्राइव्ह वाचवतं. पण हिशेबाच्या शीटमधलं एक पान दोन महिन्यांपूर्वी उडालं आणि ते आज कळलं, तर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. उलट लॅपटॉप चोरीला गेला किंवा पाण्यात पडला, तर त्या दिवशी इतका उपयोगी दुसरा कोणी नाही, कारण घराबाहेर असलेली प्रत तीच. म्हणून बंद करा असं मी म्हणणार नाही. फक्त एकट्याच्या जिवावर राहू नका.

दोन गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. फोल्डरचा बॅकअप चालू केला की तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर प्रत्यक्षात वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवलं जातं. पुढे कधी ते बंद केलं आणि डेस्कटॉप मोकळा दिसला, तर घाबरू नका. फाइल्स बहुतेक वेळा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच असतात, तिथून उचलून जागेवर आणा. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. फाइलच्या शेजारी नुसतं ढगाचं चिन्ह दिसत असेल, तर ती फाइल तुमच्या लॅपटॉपवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. अशा फाइल्स बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपमध्ये येतील असं गृहीत धरू नका. महत्त्वाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑल्वेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा, म्हणजे ते खरोखर इथे उतरतं.

तुमच्याकडे बाहेरची डिस्क आहेच, तर माझं मत फाइल हिस्टरीच्या बाजूने आहे. विंडोज ११ मध्ये तिला सेटिंग्जमधून काढून कंट्रोल पॅनेलच्या कोपऱ्यात टाकलंय, म्हणून बऱ्याच जणांना ती आहे हेच ठाऊक नसतं. डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम अँड सिक्युरिटी’ खाली फाइल हिस्टरी उघडा आणि ‘टर्न ऑन’ दाबा. मग दर तासाला ती बदललेल्या फाइल्सची नवी प्रत डिस्कवर टाकते आणि जुनी प्रत तशीच ठेवते. वर म्हटलेलं दोन महिन्यांपूर्वीचं पान इथे सापडतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘प्रीव्हियस व्हर्शन्स’ असं गेलं की तारखांची यादी दिसते. आधी ‘ओपन’ करून बघा, आणि हीच हवी अशी खात्री झाल्यावर रिस्टोर करा. घाईने रिस्टोर दाबलं तर आजची फाइल त्या जुन्या फाइलखाली जाईल.

मला ती आवडण्याचं आणखी एक कारण आहे. डिस्कवर ‘फाइलहिस्टरी’ नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात तुमच्या फाइल्स साध्या फाइल्स म्हणूनच पडलेल्या असतात, फक्त नावाच्या शेवटी तारीख-वेळ चिकटलेली असते. उद्या लॅपटॉप पूर्ण गेला आणि विंडोजने तो जुना बॅकअप ओळखला नाही, तरी डिस्क दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावून हाताने फाइल्स काढता येतात. खास प्रोग्रॅम लागत नाही. बॅकअप कुठल्या स्वरूपात साठतो हे सहसा कोणी बघत नाही, आणि अडचण तिथेच येते.

तिची खोट अशी की ती ठरावीक जागाच बघते: लायब्ररी, डेस्कटॉप, कॉन्टॅक्ट्स, फेव्हरिट्स. लायब्ररी म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज. डाउनलोड्स त्यात नाही. डी ड्राइव्हवर केलेलं ‘महत्त्वाचे’ नावाचं फोल्डर तर नाहीच नाही. विंडोज ११ मध्ये फाइल हिस्टरीच्या पानावर नवं फोल्डर जोडायची सोयच नाही, मागच्या दाराने जावं लागतं: हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, मग ‘इन्क्लूड इन लायब्ररी’. असं लायब्ररीत घातलं की पुढच्या फेरीत ते घेतलं जातं. नंतर डिस्कवर जाऊन ते आलंय का, हे डोळ्यांनी बघा.

‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’मध्ये दर तासाचं अंतर आहे तसंच ठेवा. प्रती किती काळ ठेवायच्या तिथे मुळात ‘फॉरएव्हर’ असतं, आणि त्याने डिस्क कधीतरी भरतेच. ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ केलं की जागा कमी पडल्यावर सर्वात जुन्या प्रती आपोआप निघतात. डिस्क किती मोठी असावी, तर तुमच्या डेटाच्या दुप्पट तरी. १ टीबी सध्या पुरेल.

आता ते ‘विंडोज ७’वालं पान. त्यातला ‘सिस्टिम इमेज’ हा पर्याय संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढतो, त्यात विंडोज, प्रोग्रॅम, सेटिंग सगळं येतं. डिस्क मेली की नवी डिस्क बसवून ती इमेज चढवली, म्हणजे लॅपटॉप त्या दिवशी होता तसा परत. ऐकायला हे सर्वात भारी आहे, पण घरगुती वापरासाठी मी ते सुचवत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच त्याला निवृत्तीच्या यादीत टाकलं आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम वापरा असा सल्ला दिला. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान असेल तर इमेज चढत नाही. आणि इमेज काढलेल्या दिवसानंतरचं काम त्यात नसतंच. ज्यांच्याकडे पुन्हा बसवायला दिवस जातील असे महागडे, किचकट प्रोग्रॅम आहेत, त्यांनी जरूर इमेज काढावी, पण आजच्या काळातल्या एखाद्या सॉफ्टवेअरने. जुनी इमेज कोणाकडे पडली असेल तर एक उपयोगी गोष्ट: ‘विंडोजइमेजबॅकअप’ फोल्डरमधली व्हीएचडीएक्स फाइल डबल क्लिक केली की ड्राइव्हसारखी उघडते आणि त्यातून सुट्या फाइल्स काढता येतात.

बाकीच्यांना विंडोज पुन्हा बसवणं हाच सोपा मार्ग. त्यासाठी ‘रीसेट धिस पीसी’ आहेच. विंडोज सुरूच होत नसेल तर रिकव्हरी ड्राइव्ह लागतो, तो पुरेशा मोठ्या पेन ड्राइव्हवर आत्ताच करून ठेवा, कारण लॅपटॉप बंद पडल्यावर तो बनवायला दुसरं मशीन शोधावं लागतं. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात असू द्या. आणि ‘रीसेट’मधल्या ‘कीप माय फाइल्स’वर विसंबून बॅकअप टाळू नका. फाइल्स राहतात, प्रोग्रॅम जातात, आणि मध्येच काही बिनसलं तर दोन्ही जाऊ शकतात.

चर्चेत कोणी मॅकबद्दल विचारलं होतं. तिथे हा गुंता कमी आहे. २००७ पासून टाइम मशीन आहे आणि तेच वापरायचं. गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याच्या प्रती ते ठेवतं, डिस्क भरली की सर्वात जुन्या काढतं. फाइल्सही परत मिळतात आणि नव्या मॅकवर सगळा संसारही हलवता येतो. डिस्क जोडलेली नसताना ते मॅकच्याच डिस्कवर स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) घेत राहतं, पण ते बॅकअप म्हणून मोजू नका. आयक्लाउडची गोष्ट वनड्राइव्हसारखीच, तेही सिंकच. लिनक्स मिंटवाल्यांसाठी एवढंच की टाइमशिफ्ट हे सिस्टिमसाठी आहे, होम फोल्डर ते मुळात वगळतं. फाइल्ससाठी वेगळं साधन लागतं. उबुंटूमधलं देजा द्युप त्याच कामाचं.

पुन्हा तुमच्या डिस्ककडे. ती कायम जोडून ठेवली तर बॅकअप न चुकता होतो, पण रॅन्समवेअर जोडलेल्या डिस्कही सोडत नाही, आणि चोर लॅपटॉपसोबत डिस्कही नेतो. काढून ठेवली तर सुरक्षित राहते, पण परत लावायचं राहून जातं आणि फाइल हिस्टरी फारसा आरडाओरडा करत नाही. मी स्वतः आठवड्याचा एक वार ठरवून डिस्क लावतो, ‘रन नाऊ’ दाबतो, त्याच पानावर ‘फाइल्स लास्ट कॉपीड’ची तारीख आजची दिसली की डिस्क ‘इजेक्ट’ करून काढतो आणि लॅपटॉपपासून लांब ठेवतो. मधल्या दिवसांची सोय वनड्राइव्ह बघतं.

‘डिलीट झालं तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहेच की’ असंही एकाने लिहिलंय. हार्ड डिस्कच्या जमान्यात त्यात तथ्य होतं. आताच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, आणि ‘ट्रिम’ नावाची सोय चालू असली की डिलीट केलेली जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. तिथे त्या सॉफ्टवेअरला शोधायला बहुधा काही उरतच नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा आधीच एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) असते. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली, की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही मिळत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती आहे का बघा, कागदावर छापा आणि लॅपटॉपच्या बॅगेत सोडून कुठेही ठेवा. बाहेरच्या डिस्कचं नेमकं उलटं आहे: फाइल हिस्टरीच्या प्रती उघड्या असतात, ज्याच्या हाती डिस्क त्याच्या हाती फाइल्स. तुमच्याकडे प्रो आवृत्ती असेल तर त्या डिस्कवर बिटलॉकर (विंडोजमधली एन्क्रिप्शनची सोय) लावा, फाइल हिस्टरी चालू करण्याआधीच. होम आवृत्तीत ती सोय नाही, तिथे डिस्क कुलपात.

महिनाभराने डिस्क दुसऱ्या कुठल्या तरी कॉम्प्युटरला लावून पाच-सहा फाइल्स उघडून बघा. एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक शीट, आणि डी ड्राइव्हवरून लायब्ररीत घातलेल्या फोल्डरमधलं काहीतरी. काही उघडलं नाही किंवा एखादं फोल्डरच दिसलं नाही, तर इथेच लिहा, कुठलं फोल्डर आणि ते कुठे होतं ते सांगा, बघू.