शेततळ्यातले मासे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: मागच्या वर्षी सिन्नरजवळ दोन एकर जमीन घेतली, त्यात आधीच्या मालकाचं 30 बाय 30 मीटरचं, तीन मीटर खोल प्लास्टिकचं शेततळं आयतंच मिळालं. शनिवार-रविवारी गळ टाकून बसावं, घरापुरते मासे निघावेत, एवढीच हौस. बीजवाल्याच्या सांगण्यावरून जुलैत 3000 पिल्लं सोडली. छान वाढत होती पण ऑक्टोबरात तीन दिवस आभाळ भरून होतं आणि चौथ्या सकाळी बघतो तर निम्मे मासे पाण्यावर तरंगतायत. कोणी काही टाकलं असेल का?

उत्तर: मासे मेले की पहिला संशय शेजाऱ्यावरच जातो, पण आधी मला सांगा, मोठे आधी मेले का? तोंडं उघडी होती का? तसं असेल तर शेजाऱ्याला चहाला बोलवा, तो निर्दोष आहे. मासे गुदमरून मेलेत. पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ, मासे, तळाचा गाळ सगळे मिळून तो ओढून घेतात, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी पाण्यात सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो आणि तीन दिवस ऊन नाही म्हटल्यावर दिवसाची भरपाईच झाली नाही.

आता खरी चूक. तुमच्या तळ्याच्या भिंती उताराच्या, म्हणून पूर्ण भरलं तरी 2196 घनमीटर म्हणजे साधारण 22 लाख लिटर पाणी. आकडा मोठा वाटतो, पण हिशोब वरच्या पसाऱ्यावर करायचा. एक हेक्टरला 5 ते 10 हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं), म्हणजे तुमच्या 900 चौरस मीटरला साडेचारशे ते नऊशे. पहिल्या वर्षी मी तर 500 वरच थांबलो असतो. बीजवाल्याचं दुकान नगावर चालतं हो, तो कमी कशाला सांगेल! शिवाय नखाएवढं बीज स्वस्त पडतं पण त्यातलं किती जगेल याचा भरवसा नाही, बोटाएवढंच घ्या.

पाचशेत कटला 200, रोहू 150 आणि मृगळ 150. कटला वर खातो, रोहू मधे, मृगळ तळाला, म्हणून एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. पिल्लांची पिशवी आली की लगेच ओतू नका, पंधरा-वीस मिनिटं तशीच बंद तळ्यात तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तळ्याचं पाणी ओंजळ-ओंजळ आत घाला आणि पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या.

खाद्याला भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा-निम्मा. गोणीला खालून भोकं पाडायची, खाद्य भरायचं आणि दोरीने पाण्यात सोडायची, मासे टोचून-टोचून खातात आणि संध्याकाळी गोणी वर ओढली की किती उरलं ते दिसतं. रोज माशांच्या वजनाच्या दोन-तीन टक्के पुरतं, 500 मासे शंभर-शंभर ग्रॅमचे झाले तर एक ते दीड किलो. आभाळ भरलं की खाद्य बंद, खत म्हणून शेण घालत असाल तर तेही बंद. पहाटे मासे वर येऊन तोंड वासताना दिसले तर मोटर लावून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पाडा, उजाडेपर्यंत.

रोज एक गंमत करून बघा, हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. तळवा अंधुक दिसतोय तर पाणी झकास, मनगटसुद्धा दिसत नसेल तर शेवाळ फार झालंय. अगदी नितळ असेल तर माशांना नैसर्गिक खाणं नाही, प्लास्टिकच्या तळ्यात माती नसल्याने हे हमखास होतं.

गळाला कणकेचा गोळा लावला की रोहू येतो, पण गळ तळाला घासू देऊ नका, प्लास्टिक फाटलं तर मासे सोडाच, पाणीपण जाईल. आणि प्लास्टिकचा उतार ओला असला की पोहता येणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा, कुंपण करा, मगच पोरांना घेऊन जा.

प्रश्न: गावचं वडिलोपार्जित मातीचं तळं आहे, पिल्लं सोडली की महिन्याभरात गायब. बगळे खातात का?

उत्तर: थोडी बगळे, बाकीची तळ्यात आधीपासून असलेला मरळ, तो दुसरे मासे खाणारा मासा. पिल्लं सोडायच्या तीन आठवडे आधी मोहाची पेंड भिजवून टाका, एक मीटर पाण्याला गुंठ्यामागे 25 किलो. त्याने आतले सगळेच मासे मरतात, पंधरा-वीस दिवसांत विषाचा जोर उतरतो आणि मग तीच पेंड खत होते.

प्रश्न: एकाने परदेशी मागूर (आफ्रिकन मागूर) मासा सुचवलाय, लवकर वाढतो म्हणे.

उत्तर: वाढतो, आणि तळ्यातलं बाकी सगळं खाऊन वाढतो. 2000 सालापासून देशात त्याच्यावर बंदी आहे. सुचवणाऱ्याला पुढच्या वेळी बांधाबाहेरूनच निरोप द्या.