मध्य ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल संस्थेत व्यवस्थापक म्हणून येण्यापूर्वी

नमस्कार. धानोरा तालुक्यात एका सामाजिक संस्थेचे व्यवस्थापन अनेक वर्षे सांभाळल्यानंतर आपण ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील एका अ‍ॅबोरिजिनल (तिथल्या मूळनिवासींच्या) संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकारीपदासाठी अर्ज करू पाहत आहात. गडचिरोलीचा अनुभव तिथे कितपत उपयोगी पडेल, अशा संस्थेचे नेतृत्व बाहेरच्या माणसाकडे कसे सोपवले जाते आणि पत्नी व आठवीतली मुलगी यांच्यासह दूरच्या वस्तीत राहणे शक्य होईल का, असे आपले तीन प्रश्न आहेत. मी अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये अशाच एका संस्थेचा वित्त विभाग पाहतो, त्यामुळे मुलाखतीत जे सांगितले जात नाही तेही थोडे लिहू शकेन.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. नेतृत्व बाहेरच्या माणसाकडे सोपवले जात नाही. त्याच्याकडे सोपवले जाते ते काम : पगार वेळेवर होणे, अनुदानाचे हिशेब मुदतीत जाणे, गाड्या चालू स्थितीत असणे, कायद्याचे पालन होणे. नेतृत्व संचालक मंडळाकडे असते आणि मंडळाच्याही मागे त्या त्या कुटुंबांतील, त्या त्या भूमीचे अधिकार असलेल्या वडीलधाऱ्या माणसांकडे असते. ‘सीईओ’ हा शब्द वाचून आपल्याकडच्या संस्थाप्रमुखाचे चित्र डोळ्यांसमोर येत असेल, तर ते अर्ज भरण्यापूर्वीच बाजूला ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ही रचना कायद्यातही उतरली आहे. यांपैकी बहुतेक संस्था 2006 च्या एका खास केंद्रीय कायद्याखाली नोंदलेल्या असतात, जो 1 जुलै 2007 पासून लागू झाला. त्यानुसार संचालकांपैकी बहुसंख्य व्यक्ती अ‍ॅबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट बेटांवरील असाव्या लागतात, बहुसंख्य संचालक संस्थेचे नोकर असून चालत नाही, आणि मुख्य कार्यकारी अधिकारी संचालक असला तरी मंडळाचा अध्यक्ष होऊ शकत नाही. आर्थिक वर्ष 30 जूनला संपते आणि सर्वसाधारण सभा नोव्हेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते. या संस्थांसाठी स्वतंत्र निबंधक आहे, तो दप्तर तपासू शकतो आणि कारभार ढासळला तर मंडळ बाजूला सारून प्रशासक नेमू शकतो. सहकारी संस्थेवर प्रशासक येतो तेव्हा गावात काय होते हे आपल्याला ठाऊकच आहे. इथेही त्याची तशीच धास्ती असते, आणि कागद सांभाळणाऱ्या माणसाचे महत्त्व त्या धास्तीतूनच येते.

कायद्याच्या आधीचा इतिहासही लक्षात घ्यावा. मिशनरी, सरकारी अधीक्षक आणि गुरांच्या मळ्यांचे मालक यांनी पिढ्यान्‌पिढ्या या लोकांचे निर्णय घेतले. सिडनीच्या रेडफर्नमध्ये 1971 साली समाजाच्या स्वतःच्या नियंत्रणाखालची पहिली आरोग्यसेवा उभी राहिली आणि 1973 मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला काँग्रेस नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली, ती याच अनुभवातून. उलट दिशेचे धक्केही बसले. 2007 मध्ये केंद्र सरकारने टेरिटरीतील वस्त्यांवर तथाकथित आणीबाणीचे उपाय लादले आणि 2008 मध्ये वस्त्यांच्या लहान स्थानिक परिषदा मोडून त्यांचे मोठे ‘शायर’, म्हणजे विस्तीर्ण प्रदेशाच्या एकत्रित परिषदा, करण्यात आले. त्यानंतर अनेक ठिकाणी लोकांचा शब्द चालतो अशी एकमेव जागा उरली ती त्यांची स्वतःची संस्था. म्हणून मंडळाच्या बैठकीत एखाद्या साध्या गाडीच्या खरेदीवर दीड तास चर्चा झाली, तर तो वेळेचा अपव्यय आहे असे समजू नये.

एक उदाहरण सविस्तर देतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पाचशेहून अधिक किलोमीटरवर किंटोर ही पिंटुपी लोकांची वस्ती आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या तिथल्या वृद्धांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावे लागे आणि त्यासाठी घरदार सोडून कायमचे शहरात राहावे लागे. ज्यांच्याकडे भूमीच्या कथा आणि विधी यांचे ज्ञान, तीच माणसे वस्तीतून निघून जात होती. सरकारी यंत्रणा वस्तीत यंत्रे बसवायला तयार नव्हती. तेव्हा किंटोर आणि किविरकुरा येथील चित्रकारांनी मोठी सामूहिक चित्रे रंगवली, सन 2000 मध्ये सिडनीच्या राज्य कलादालनात त्यांचा लिलाव झाला आणि दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली. 2004 मध्ये किंटोरला डायलिसिस सुरू झाले. ती संस्था आज पर्पल हाऊस म्हणून ओळखली जाते आणि दूरदूरच्या अनेक वस्त्यांत काम करते. तिच्या मुख्य कार्यकारी अधिकारी सारा ब्राऊन या मूळच्या परिचारिका, अ‍ॅबोरिजिनल नव्हेत. पण काय हवे हे वस्त्यांतून निवडलेल्या संचालकांनी ठरवले आहे. केवळ यंत्र नको, आपल्या माणसांत राहता आले पाहिजे, रानातील औषधी बनवता आली पाहिजेत, हा आग्रह त्यांचाच. बाहेरच्या माणसाने कशा रीतीने काम करावे, याचा माझ्या मते याहून चांगला नमुना या भागात नाही.

बैठक प्रत्यक्षात कशी चालते तेही सांगतो. दक्षिणेकडे तीन राज्यांच्या सीमेवर 1980 साली स्थापन झालेली एनपीवाय (तिथल्या तीन समाजांच्या नावांची आद्याक्षरे) महिला परिषद आहे. जमिनीच्या हक्कांच्या वाटाघाटींत आपल्याला कोणी विचारत नाही, हे लक्षात आल्यावर स्त्रियांनी ती उभारली. तिचे कार्यक्षेत्र साडेतीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहूनही मोठे आहे. अशा क्षेत्रातून संचालक गोळा करायचे म्हणजे आदल्या दिवशी ट्रूपी, म्हणजे टोयोटाची मागे समोरासमोर बाके असलेली लांब गाडी, वस्त्यावस्त्यांवरून फिरवावी लागते. आमच्याकडे सकाळी नऊची बैठक अकराला सुरू होते. काही संचालक खुर्चीवर बसतात, काही वृद्ध स्त्रिया बाहेर सावलीत जमिनीवर बसून ऐकतात, दुभाषा प्रत्येक मुद्दा लुरित्जा किंवा अरेर्न्टे भाषेत मांडतो, आणि मग इंग्रजी पूर्ण थांबते. त्या वेळात व्यवस्थापकाने गप्प बसायचे असते. मी ताळेबंदाऐवजी एका मोठ्या कागदावर रंगीत पट्टे काढून नेतो : हे पैसे केवळ दवाखान्यासाठीच खर्च करता येतात, हे तरुणांच्या कार्यक्रमासाठी, आणि हा बारीक पट्टा खरोखर आपल्या मर्जीचा. त्या बारीक पट्ट्यावरच सर्वाधिक प्रश्न येतात आणि ते नेमके असतात.

नात्यांचे नियम सभेच्या नियमांहून वरचे आहेत. जावई आणि सासू एकमेकांसमोर येत नाहीत, बोलत नाहीत. ते दोघेही मंडळावर असतील तर बसण्याची व्यवस्था आणि मत विचारण्याची रीत दोन्ही बदलतात. काही विषय फक्त पुरुषांचे, काही फक्त स्त्रियांचे असतात आणि त्यांची चौकशीही करायची नसते. कोणाचे निधन झाले की ‘सॉरी बिझनेस’, म्हणजे शोकविधींचा काळ, सुरू होतो, बैठक रद्द होते, मृताचे नाव उच्चारले जात नाही आणि त्याचे छायाचित्र कार्यालयाच्या भिंतीवर असेल तर ते झाकावे लागते. अनुदान देणाऱ्या खात्याची मुदत मात्र पुढे सरकतेच असे नाही, आणि ती वाढवून मागणे हे आपले काम असते.

सर्वांत अवघड भाग पैशांचा आणि गाड्यांचा आहे. नातलगांनी काही मागितले तर नाही म्हणणे हे या समाजात जवळपास नाते नाकारण्यासारखे असते, आणि संचालकांवर घरूनच संस्थेची गाडी, इंधन, आगाऊ रक्कम यांसाठी सतत दडपण येते; इथे त्याला सगळे ‘हंबग’ म्हणतात. अशा वेळी बाहेरचा व्यवस्थापक उपयोगी पडतो, कारण नकाराचा दोष त्याच्यावर टाकता येतो. मंडळाने ठरवलेला नियम लिखित असावा, नकार आपण द्यावा आणि त्यासाठी चार लोकांची नाराजी पत्करावी, अशी अलिखित वाटणी असते. मला ती योग्य वाटते. मात्र याच सबबीखाली काही व्यवस्थापक मंडळाला केवळ सही करणारे मंडळ बनवतात, तेही मी पाहिले आहे.

आता गडचिरोलीच्या अनुभवाविषयी. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होताना आपण बसला असाल, तर मत न मोजता थांबण्याची सवय आपल्याला असेल, आणि ती इथे फार कामी येते. परंतु ‘मी आदिवासींमध्ये काम केले आहे’ हे वाक्य मुलाखतीत पुढे करू नये. गोंड समाज वेगळा, त्याचा इतिहास वेगळा, आणि आपण त्यांच्यापैकी नव्हतो हेही समोरच्यांना लगेच कळते. आपण कोणाचे ऐकून कोणता निर्णय बदलला, हे सांगितलेले अधिक बरे.

सर्वोच्च पदासाठी थेट भारतातून अर्ज करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक ठिकाणी ते पद अ‍ॅबोरिजिनल उमेदवारांसाठीच राखीव असते किंवा त्यांना प्राधान्य असते, आणि ते तसेच असावे. वित्त, मनुष्यबळ, दवाखान्याचे व्यवस्थापन, वृद्धसेवा या पदांवर माणसे मिळत नाहीत; त्या पदांच्या वाटेने यावे. नियोक्त्याने प्रायोजित केलेले 482 किंवा 494 क्रमांकाचे व्हिसा आणि टेरिटरीचा डामा करार (त्या प्रदेशासाठी परदेशी कर्मचारी आणण्याचा केंद्र सरकारशी केलेला करार), हे मार्ग तपासावेत. 482 वर भारतीयांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यविमा, मिळत नाही, खासगी विमा घ्यावा लागतो. पोलीस तपासणी आणि मुलांसोबत काम करण्याचे ऑकर कार्ड लागते. अनेक संस्था धर्मादाय वर्गात असल्याने पगारातील वर्षाला सुमारे 15,900 डॉलर करमुक्त रीतीने घेता येतात, आणि दूरच्या वस्तीत घर बहुधा संस्थाच देते.

कुटुंबाबाबत माझा सल्ला असा की मुलीची माध्यमिक शाळा होईपर्यंत अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्येच राहावे. वस्त्यांवर वरच्या वर्गांची सोय तोकडी असते आणि अनेक कुटुंबे मुलांना वसतिगृहात पाठवतात. शहरात भारतीय किराणा मिळतो, भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत, मराठी थोडी. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि जुलैच्या रात्री शून्याखाली उतरतो. अ‍ॅडलेड आणि डार्विन दोन्हीही दीड हजार किलोमीटरवर आहेत, हे पत्नीने नकाशावर पाहूनच होकार द्यावा.

अर्ज करण्यापूर्वी निबंधकाच्या संकेतस्थळावरील खुल्या नोंदवहीत त्या संस्थेचे नाव शोधावे. तिथे नियमावली, संचालकांची नावे आणि वार्षिक अहवाल विनामूल्य वाचता येतात. संचालक वर्षानुवर्षे टिकून आहेत का, अहवाल मुदतीत गेले आहेत का आणि पूर्वी कधी प्रशासक बसला होता का, एवढे पाहावे. मुलाखतीत आधीचा अधिकारी का गेला हे व्यवस्थापनाला नव्हे, तर अध्यक्षांना विचारावे, आणि उत्तर येण्यास वेळ लागला तर मध्येच बोलू नये.